‘आहे’ आणि ‘हॅव’

आज सातवीच्या निबंधवह्या तपासत बसले होते. एका मुलीने लिहिलंय, ‘आय ॲम टू ब्रदर्स.’ लाल पेन टेकवलं आणि तसंच उचललं. तिच्या मनातलं मराठी वाक्य अगदी बरोबर आहे: मला दोन भाऊ आहेत. आपल्याकडे ‘हॅव’साठी वेगळं क्रियापदच नाही. भाऊ, शेत, ताप, वेळ, सगळं ‘आहे’वरच भागतं. तिने ‘आहे’ला इंग्रजी शोधलं, ‘ॲम’ सापडलं.

२००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पण नियम अजून फळ्यावरून वहीत उतरतात, पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. फार वाईट वाटतं याचं.

उद्या फळ्याचे दोन भाग करणार. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’. इथे क्रियापद आंब्यापोळीच्या मागे जातं, हे पोरांच्या कानाला माहीतच असतं. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘एट’. हे त्यांनीच शोधून सांगावं, मला घाई नाही.

तिच्या वाक्याखाली बरोबर वाक्य लिहिलं आणि पुढे विचारलं: भाऊ काय करतात गं? अजून चार ओळी लिही.