देवगिरीचा कडा आणि गडाची कोठी

बदनापूरचे नाव शेतकऱ्यांत निघते ते तुरीमुळे. येथल्या संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा वाण मराठवाड्यात परिचयाचा आहे. अशा या काळ्या रानातून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. छत्रपती संभाजीनगर मागे पडले, की उजव्या खिडकीतून एक एकाकी, निमुळता डोंगर दिसू लागतो. तोच देवगिरी!

सुमारे सहाशे फूट उंचीचा हा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा कातळ. वरचा उतार निसर्गाचा. खालचा सरळसोट कडा मात्र माणसांनी तासलेला. भोवती कातळातच खोदलेला खंदक. पलीकडे गेलात, तर पुढे ‘अंधेरी’ हा काळोखा भुयारी मार्ग! वेरूळची लेणी येथून जवळच. तेथे छिन्नीने देव घडविले, येथे शत्रूची वाट बंद केली.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव भिल्लमाने येथे राजधानी केली. असा गड पडला कसा, हे मुले हमखास विचारतात. कडा चढून नव्हे! १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला, तेव्हा रामदेवरायाचे मोठे सैन्य बाहेर होते. धान्य म्हणून घाईघाईने गडावर नेलेली पोती सोडली, तर आत मीठ निघाले, असे पुढे तीनशे वर्षांनी लिहिणारा फिरिश्ता सांगतो. कथा खरी असो वा रचलेली, रायाला तह करावा लागला हे खरे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी येथे आणून ‘दौलताबाद’ केले, तो खटाटोप तर सर्वांना ठाऊकच आहे. पुढे १६३३ साली, दुष्काळाने दख्खन होरपळल्यानंतर, महाबतखानाने वेढा घातला. आतली माणसे उपासमारीने खंगली आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला मोगलांच्या हवाली केला. कड्याला ओरखडाही नाही. हरली ती कोठी.

आमच्या मते गडावरचा सर्वांत हळवा प्रसंग १६२९ चा. जालन्याजवळच्या सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, निजामशहाच्या दरबारात मुलांसह दग्याने मारले गेले. हे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानीत.

वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. ते निजामशाहीतले किल्लेदार, एकनाथांचे गुरू. हिशेबातली एक पै चुकली म्हणून नाथ येथे रात्रभर जागले आणि पहाटे ती सापडताच टाळ्या पिटू लागले, अशी आख्यायिका आहे.