हरलेल्याचा घाम

रविवारच्या पहिल्या मिस्साहून परतलो, तर ओटीवर भाचा मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेला. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते. आठ कोनांच्या पिंजऱ्यात दोन तरुण एकमेकांना ठोशांनी, लाथांनी झोडपीत होते. एकाची भुवई फाटली होती. मला पाहवेना.

"यात माणसाला मिळते तरी काय?" मी तिटकाऱ्याने विचारले.

भाच्याने प्रश्न शब्दशः घेतला. "मामा, नवख्याला दहा-बारा हजार डॉलर उतरण्याचे. जिंकला तर आणखी तेवढेच."

"आणि हरला तर?"

"मग अर्धेच."

हे 'अर्धेच' माझ्या मनात रुतून बसले. माझे वडील मुंबईच्या गिरणीत मागावर होते. जितके कापड विणावे तितकी मजुरी. डाग पडला तर कपात. पण शेजाऱ्याने अधिक विणले म्हणून वडिलांची मजुरी कुणी निम्मी केली नाही. शिवाय कपात जाचक वाटली, तर बोलायला युनियन होती.

पुढे मी या मिश्र मार्शल आर्ट्सचा व्यवहार समजून घेतला. यूएफसी ही त्यातील सर्वांत मोठी कंपनी. २००१ साली ती २० लाख डॉलरांना विकली गेली. २०१६ साली सुमारे ४०० कोटींना. २०२६ पासूनच्या सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांपोटी तिला ७७० कोटी डॉलर मिळायचे आहेत. मधल्या काळात मालकांनी तोटा सोसून हा खेळ जगवला, हे मान्य करायलाच हवे. मोजक्या नामवंतांना कोट्यवधी मिळतात, हेही खरे. पण न्यायालयात उघड झालेल्या हिशेबांनुसार मिळकतीतील जेमतेम पाचवा हिस्सा लढवय्यांना मिळत होता. अमेरिकेतील बास्केटबॉलपटूंना सुमारे निम्मा मिळतो, कारण त्यांची संघटना आहे. पिंजऱ्यातला माणूस मात्र 'स्वतंत्र कंत्राटदार'! प्रशिक्षकाचा आणि व्यवस्थापकाचा वाटा तो स्वतःच्या खिशातून देतो. मुष्टियोद्ध्यांसाठी २००० साली झालेल्या कायद्याने प्रवर्तकाला आपली मिळकत मुष्टियोद्ध्यापुढे उघड करावी लागते. तो कायदा या खेळाला लागू नाही.

२०१४ साली काही लढवय्ये न्यायालयात गेले. ३३.५ कोटींची तडजोड न्यायाधीशांनी २०२४ मध्ये अपुरी म्हणून फेटाळली, ३७.५ कोटींची २०२५ मध्ये मंजूर झाली. कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला फ्रान्सिस नगानू विजेतेपद हाती असताना २०२३ मध्ये कंपनी सोडून गेला. त्याच्या मागण्यांत सर्व लढवय्यांसाठी आरोग्यविमाही होता. स्वतःपुरते मागितले असते, तर मी त्याला इतके मानले नसते.

"पण मामा, सही त्यांनी स्वखुशीने केली ना?" भाच्याने हटकले.

"तुझे आजोबाही गिरणीच्या फाटकातून रोज स्वखुशीनेच आत जात," मी म्हणालो. "घरी पाच तोंडे होती. एकच फाटक उघडे असले, की माणसाची खुशी फार स्वस्त होते."

तो गप्प राहिला.

हा खेळ मला आजही आवडत नाही. पण न आवडणाऱ्या कामाचीही रास्त मजुरी असते. आता रविवारी मिस्साहून परतलो, की कोण जिंकला हे मी विचारीत नाही. विचारतो, "हरलेल्याच्या हातावर काय पडले?"