सहा-सत्त्याण्णव

६९७ हे त्याचं नाव आणि तेच त्याचं माप. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटर. टाटाच्या ट्रकांत वर्षानुवर्षं धडधडलेल्या या डिझेल इंजिनाच्या घराण्यात नाव ठेवायची रीतच अशी सरळ आहे. थोरलं ६९२, सिलिंडर तितकेच पण बोअर पाच मिलिमीटरने कमी. धाकटं ४९७, बोअर तोच पण सिलिंडर चार. ९७ चा बोअर, १२८ चा स्ट्रोक आणि सहा सिलिंडर यांचा हिशेब ५६७५ सीसी होतो.

मूळ जर्मन. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार केला, जमशेदपुरात ट्रक बनू लागले आणि १९६९ मध्ये करार संपेपर्यंत त्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा होता. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक ६९७ शी मिलिमीटरला मिलिमीटर जुळतो. तारा गेला, त्या जागी ‘टी’ आला, माप तेच राहिलं.

नागपुरातून देशाचे दोन मोठे महामार्ग जातात. आज त्यांचे आकडे ४४ आणि ५३ असले तरी जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी ते अजून सात नंबर आणि सहा नंबरच. जबलपूर, रायपूर, हैदराबाद, अमरावती, कुठूनही निघालेली गाडी इथे येतेच. त्यामुळे सदरपासून कामठी रोडने ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना भेटणाऱ्या मिस्त्रीला एकाच प्रकारचं इंजिन शिकून भागत नाही. ६९७ ची सगळी रूपं त्याच्या हाताखालून गेलेली असतात, आणि ही रूपं ओळखणं हीच त्याची खरी विद्या आहे, असं मला मनापासून वाटतं. नट सोडवणं कोणीही शिकतो.

साधं ६९७ हवा स्वतः ओढतं. त्याच्या आवाजात शिटी नसते, चढाला ते काळा धूर सोडत दमाने चढतं. ‘टीसी’ जोडलं की टर्बो आला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गोगलगाईसारखं कवच, त्याला ऑइलची बारीक नळी आणि वेग धरताना येणारी शिटी. ‘टीसीआयसी’ म्हणजे टर्बोसोबत इंटरकूलर. इथे पाइपाचा माग काढायचा. टर्बोतून निघालेला जाड पाइप थेट इनटेककडे गेला तर टीसी. तो आधी पुढे, रेडिएटरच्या अंगाला जाऊन थंड होऊन परतला तर टीसीआयसी.

पण टर्बो दिसला म्हणजे इंजिन जन्मापासून टर्बोचं, असं मानायला जाणता मिस्त्री तयार नसतो. कोणी जुन्या साध्या इंजिनावरही टर्बो चढवलेला असू शकतो. म्हणून तो डिझेल पंपाकडे वळतो. मायकोच्या लाइन पंपावर छोटी पट्टी असते. तिच्यावरचा ग्रीस पुसून नंबर वाचला की हा पंप कोणत्या इंजिनासाठी भरलेला होता ते कळतं. मग ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर. इंजिन मुळातच टर्बोचं असेल तर तो ६९७ आणि टीसी असा सुरू होतो. पंप एक सांगतो आणि ब्लॉक दुसरं, तेव्हा मधे कोणाचा तरी हात फिरलेला असतो.

१९९३ मध्ये टाटा कमिन्स ही भागीदारी झाली आणि टाटाच्याच ट्रकात ६९७ ला तोलामोलाचा शेजारी मिळाला: कमिन्सचं ५.९ लिटरचं ६बीटी. १०२ चा बोअर, १२० चा स्ट्रोक. बोनेटवरची खूण बघून दोघांत गल्लत करणाऱ्याला इथला मिस्त्री म्हणतो, “नाव काय वाचून राह्यला भाऊ, झाकणं मोज.” आणि ते अगदी खरं आहे. बारा व्हॉल्व्हच्या ६बीटीला प्रत्येक सिलिंडरवर टॅपेटचं वेगळं झाकण, अशी सहा झाकणं ओळीने. कमिन्सच्याच पुढच्या, चोवीस व्हॉल्व्हच्या आयएसबी इंजिनावर एकच लांब झाकण. कॉमन रेलच्या आयएसबीत पंपातून प्रत्येक नोजलला वेगळी नळी जाण्याऐवजी सगळ्यांना मिळून एक जाड नळी आणि जागोजागी सेन्सरच्या वायरी. कमिन्सच्या पाटीवर सीपीएल नावाचा आकडाही असतो. आत पिस्टन कोणता, कॅम कोणता, टर्बो कोणता, ते त्या आकड्यावरून ठरतं. बाहेरून जुळी दिसणारी दोन इंजिनं तो आकडा वेगळी करतो.

बोअर वाढला की फरक आणखी महागात पडतो. ६बीटीच्या ब्लॉकला लायनर नाही, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला. लेथवाल्याने बोअर मारला की पुढचा पिस्टन ओव्हरसाइजच लागणार, आणि हे पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. हेड उघडून मोजलं तरच समजतं.

नागपूरचा मे महिना हे सगळं उघडं पाडतो. पारा ४५ च्या वर, मागे कोळसा भरलेला, रेडिएटरात गाळ. इंजिन तापतं, हेडचं गॅसकेट उडतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. गाडी उभी राहिली की मालकाला घाई, ड्रायव्हरला घाई, आणि त्या घाईत दुकानावर सांगितलं जातं, “सोळाशे तेराचं पॅकिंग द्या.” १६१३ हे ट्रकचं नाव, सोळा टन आणि एकशे तीस हॉर्सपॉवर. इंजिनाचं ते नाव नव्हे. इंजिन मधे कधी बदललं असेल, तर आरसी बुकातला नंबरही ब्लॉकशी जुळवून पाहावा लागतो. असा बदल आरटीओकडून नोंदवून घ्यावा लागतो आणि पासिंगला तो नंबर तपासला जातो. म्हणून आधी ब्लॉक पुसावा, नंबर कागदावर उतरवून घ्यावा, उडालेलं जुनं गॅसकेट पोत्यात गुंडाळून सोबत न्यावं आणि काउंटरवर नव्यावर जुनं ठेवून पाण्याची भोकं एकेक जुळवून मगच पैसे द्यावेत.