बादाम आणि किशमिश यांचे नवे घर

मुलांनो, तुम्ही हॅमस्टर पाहिला आहे का? उंदराच्या कुळातला, पण उंदराहून गोल आणि गुबगुबीत असा हा प्राणी आहे. त्याची शेपटी इतकी आखूड असते की ती शोधावी लागते. त्यातही जो बुटका हॅमस्टर असतो, तो तुमच्या मुठीत मावेल. त्याचे वजन किती म्हणाल? आपल्या नागपुरी संत्र्याच्या चार फोडी तराजूत टाका, जवळजवळ तेवढे!

असे दोन बुटके हॅमस्टर आमच्या घरी आहेत. आमच्या एका शेजाऱ्यांची पुण्याला बदली झाली. जाताना त्यांनी हे दोघे भाऊ पिंजऱ्यासकट आमच्या स्वाधीन केले. माझी मुलगी चौथीत शिकते. तिने त्यांची नावे बादाम आणि किशमिश अशी ठेवली. बादामच्या पाठीवरची काळी रेघ ठळक आहे, किशमिशची फिकट आहे. एवढ्यावरूनच आम्ही त्यांना ओळखतो.

यांचे मूळ गाव फार लांब आहे. मंगोलिया, उत्तर चीन आणि दक्षिण सायबेरिया येथील कोरड्या गवताळ मैदानांत हे प्राणी बिळे करून राहतात. १९०२ साली कॅम्पबेल नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला मंगोलियात असा एक हॅमस्टर मिळाला. १९०५ मध्ये ओल्डफील्ड थॉमस या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कॅम्पबेलचे नाव दिले. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. म्हणून त्यांच्या तळपायांवरही केस असतात. गालांच्या आत दोन पिशव्या असतात. लाल तोंडाचे माकड जसे गालांत चणे भरून पळते, तसा हॅमस्टर दाणे गालांत भरतो आणि बिळात नेऊन साठवतो. जर्मन भाषेत तर साठेबाजी करणे या अर्थाचे क्रियापदच या प्राण्याच्या नावावरून तयार झाले आहे. आपल्याकडे असा मान अजून कोणत्याही व्यापाऱ्याला मिळालेला नाही.

पिंजरा हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे. उर्दू शायरीत मात्र त्याला कफस म्हणतात, आणि कफस आला की त्याच्यामागून उसासे येतात. बादाम आणि किशमिश यांच्या पिंजऱ्यातून उसासे येत नव्हते. तिथून आवाज येत होता. रात्री अकराच्या सुमारास घर शांत झाले की बादाम उठायचा, दोन पायांवर उभा राहायचा आणि पिंजऱ्याची तार दातांत धरून कुरतडायचा. कट, कट, कट. एक तास, दीड तास. किशमिश चाकात धावायचा, मध्येच उतरून तोही दुसऱ्या कोपऱ्यातली तार धरायचा.

अम्मी म्हणाल्या, ''दात शिवशिवत असतील. लाकूड द्या.'' त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. हॅमस्टरचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवावे लागतात. आम्ही पेरूच्या झाडाची वाळलेली काडी आत ठेवली. ती दोन दिवसांत संपली. तिसऱ्या रात्री पुन्हा कट, कट, कट.

मग मी फूटपट्टी घेऊन पिंजरा मोजला. लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर. गुणाकार तुम्हीच करा. १३५० चौरस सेंटिमीटर. त्यात चाक, वाटी आणि झोपायचे खोके. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी सोनेरी हॅमस्टर, म्हणजे आमच्या बुटक्यांचे मोठे चुलत भाऊ, चार आकारांच्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिले. सर्वांत लहान पिंजरा १८०० चौरस सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा १०,००० चा होता. तार कुरतडणे सगळीकडेच दिसले, पण लहान पिंजऱ्यातले प्राणी ती जास्त वेळा आणि जास्त वेळ कुरतडत होते. आमचा पिंजरा तर त्यांच्या सर्वांत लहान पिंजऱ्याहूनही लहान! जर्मनीतील प्राणिकल्याणाचे काम करणारे पशुवैद्य हॅमस्टरसाठी निदान १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद जागा सांगतात.

एवढा मोठा पिंजरा बाजारात महाग पडतो. आम्हांला भंगारवाल्याकडे माशांची एक जुनी काचेची पेटी मिळाली. ती गळत होती, म्हणून स्वस्तात मिळाली. हॅमस्टरला गळतीशी काय देणेघेणे? लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५. म्हणजे जुन्या पिंजऱ्याच्या बरोबर चौपट जागा. सुताराकडून वर बारीक जाळीचे झाकण करून घेतले. तळाला कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि वाळलेले गवत असा वीतभर थर घातला, म्हणजे त्यांना बीळ करता यावे. सुताराने आपल्या दुकानातला भुसा देऊ केला होता. मी तो घेतला नाही. त्याची बारीक धूळ या प्राण्यांच्या नाकात जाते. एका ताटलीत कन्हान नदीची वाळू चाळून, धुऊन आणि तव्यावर भाजून ठेवली. हॅमस्टर पाण्याने अंघोळ करत नाही, वाळूत लोळतो. जुन्या घराच्या छपरावरची दोन कवेलू आणून दोन टोकांना उपडी ठेवली. मातीचे कवेलू उन्हाळ्यात थंड राहते.

दोन कवेलू, दोन वाट्या, दोन चाके. मुलीने विचारले, ''अब्बू, सगळे दोन-दोन कशाला? ते तर एकाच खोक्यात झोपतात.''

तिला कारण सांगणे मला जड गेले, पण सांगितले. वयात आलेल्या हॅमस्टरांची भांडणे कधी कधी जिवावर बेततात. एकच घर असेल तर एक जण दारात बसून दुसऱ्याला अडवू शकतो. आणि भांडणाला सर्वांत जास्त धोक्याची वेळ म्हणजे घर बदलण्याची वेळ. हॅमस्टरची नजर अधू असते. त्याचे सारे जग वासाचे असते. त्याच्या पोटावर एक ग्रंथी असते. ती जमिनीला घासत तो चालतो आणि जाईल तिथे आपली सही करून येतो. नव्या, धुतलेल्या पेटीत कोणाचीच सही नसते. मग ही जागा कोणाची, हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो. ज्या भावाच्या कुशीत आजवर झोपलो, तोही तिथे दावेदार वाटू लागतो.

आता जरा आपल्या शहराकडे पाहू. तुमच्यापैकी पुष्कळांनी महाराजबागेत गजांआडचे प्राणी पाहिले असतील. २६ जानेवारी २०२१ रोजी नागपुरातच गोरेवाडा येथे नवे प्राणिउद्यान सुरू झाले. तिथे वाघ, बिबटे आणि अस्वले मोकळ्या आवारात फिरतात, आणि आपण मात्र बंद गाडीत बसतो. एखाद्या मोठ्या प्राण्याला एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायचे असेल, तर जाणते लोक ओढाताण करत नाहीत. वाहतुकीचा पिंजरा काही दिवस आधीच त्याच्या दाराशी आणून ठेवतात. त्यातच त्याला खायला देतात. प्राणी आपण होऊन आत-बाहेर करू लागतो. मग एके दिवशी तो आत असताना दार लावतात.

वाघासाठी जे चालते ते संत्र्याच्या चार फोडींसाठी का चालणार नाही? आम्ही मातीचा एक छोटा गडवा आडवा करून जुन्या पिंजऱ्यात ठेवला आणि त्यात रोज सूर्यफुलाच्या दोन बिया टाकल्या. चौथ्या दिवशी दोघेही त्यात बिनधास्त शिरू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरचे ऊन ओसरल्यावर, एका संध्याकाळी आम्ही घर बदलले. आधी जुन्या पिंजऱ्यातले निम्मे गवत नव्या पेटीत पसरले. घरटे न मोडता तसेच उचलून एका कवेलूखाली ठेवले. त्यांचा साठा, म्हणजे बाजरी, ज्वारी आणि किशमिशने लपवलेला मक्याचा एक दाणा, तोही सोबत नेला. अम्मींना ही घाण नव्या घरात नेणे अजिबात पसंत नव्हते. पण ती घाण नव्हती, घराची पाटी होती. शेवटी दोघे गडव्यात शिरले तेव्हा गडवाच उचलून आत ठेवला. दोघे एकाच वेळी गेले, त्यामुळे आधी कोण आला हा वाद राहिला नाही. जुना पिंजरा मी टेबलावर तयार ठेवला होता. रक्ताचा एक थेंब दिसला असता, तर त्याच क्षणी एकाला तिकडे हलवायचे, आणि मग जन्मभर वेगळेच ठेवायचे, असे ठरले होते.

त्या रात्री घरात कोणी लवकर झोपले नाही. पहिला अर्धा तास दोघे भिंतीला चिकटून चालत होते. मग बादामने किशमिशचा पाठलाग केला. किशमिश उताणा पडून चीं चीं करू लागला. मुलगी माझा हात धरून उभी होती. ''अब्बू, काढा ना त्याला!'' मी थांबलो. उताणे पडणे ही हार मान्य करण्याची रीत आहे. तेवढ्यावर दुसरा सोडून देतो की चावतो, हे पाहायचे असते. बादामने त्याला हुंगले आणि तो वाळूत लोळायला निघून गेला. असे रात्रीतून तीन वेळा झाले. रक्त दिसले नाही. आणि तार कुरतडण्याचा आवाज नव्हता, कारण कुरतडायला तारच नव्हती. पण पेटीच्या कोपऱ्यात काचेवर नखे ओरबाडणेही मला कधी दिसले नाही. त्यांनी बोगदे खणायला घेतले होते.

चौथ्या दिवशी वेगळेच काही दिसले. बादाम डावीकडच्या कवेलूखाली झोपला होता, किशमिश उजवीकडच्या. मधे पेटीभर अंतर. पाचव्या दिवशी तसेच, पंधराव्या दिवशी तसेच. रात्री ते वाळूच्या ताटलीपाशी भेटत, एकमेकांना हुंगत, आणि पहाटे आपापल्या घरी जात.

मुलगी रडवेली झाली. ''त्यांची कट्टी झाली का? आधी तर ते एकमेकांच्या अंगावर झोपायचे.''

मी तिला जुने खोके दाखवले. त्यात दुसरीकडे झोपायला जागा कुठे होती? त्यांचे प्रेम होते म्हणून ते एकत्र झोपत होते, की जागा नव्हती म्हणून, हे त्या पिंजऱ्यात कळायला मार्ग नव्हता. मुलीला हे उत्तर आवडले नाही. खरे सांगायचे तर मलाही फारसे आवडले नाही. बुटका हॅमस्टर साधारणपणे दोन वर्षे जगतो. त्यांतले किती महिने ते एकमेकांना नाइलाजाने सहन करत होते, असा विचार मनात आलाच.

डिसेंबरच्या शेवटी नागपुरात थंडी वाढली. एका रात्री पारा १० अंशांच्या खाली गेला. सकाळी मुलीने झाकणातून पाहिले आणि ती ओरडतच स्वयंपाकघरात आली. डावीकडचे कवेलू रिकामे होते. उजवीकडच्या कवेलूखाली गवताचा एक मोठा गोळा होता आणि त्यातून दोन नाके बाहेर आली होती. बादाम आपले अर्धे गवत घेऊन भावाकडे राहायला गेला होता. साठा मात्र त्याने आपल्याच कोपऱ्यात ठेवला होता.

फेब्रुवारीत ऊन तापू लागले तसा तो परत आपल्या कवेलूखाली गेला. काचेच्या पेटीत उष्णता कोंडते, म्हणून आम्ही ती खिडकीपासून हलवून घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवली आहे. मुलगी आता रोज सकाळी दोन्ही कवेलूंखाली डोकावते आणि कॅलेंडरवर खूण करते: एकत्र असतील तर एक टिंब, वेगळे असतील तर दोन. या महिन्यात सगळी दोन-दोन टिंबे आहेत, फक्त पाऊस पडला त्या दिवशी एक आहे.