खंदक आणि सांडवा

पराभूत सेनापतीइतका स्वस्तात दोष देता येण्याजोगा मनुष्य जगात दुसरा नसेल. सदाशिवरावभाऊंवर तर महाराष्ट्राच्या ओसऱ्यांवरून अडीचशेहून अधिक वर्षे खटला चालू आहे, आणि तोही आरोपीच्या गैरहजेरीत. ज्यांनी जन्मात घोड्याच्या रिकिबीत पाय घातला नाही असे आम्ही लोक सुपारी कातरता कातरता भाऊंनी काय करावयास हवे होते ते सांगत असतो. त्यांनी खंदक खणावयास नको होता, बायकामाणसे बरोबर घ्यावयास नको होती, सूरजमल जाटाचा सल्ला मानावयास हवा होता! निकाल ठाऊक असला म्हणजे शहाणपणास तोटा पडत नाही. भाऊंच्या जागी बसून, हाती तेवढेच सैन्य व तेवढाच दाणा घेऊन, पुढे काय होणार ते न ठरविता विचार करणे ही गोष्ट मात्र निराळी. ती करून पाहण्याचे एक साधन अलीकडे माझ्या हाती आले, आणि ते एक खेळणे आहे हे ऐकून वाचकांनी हसू नये.

पटावर युद्ध मांडण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. चतुरंगाचे चार अवयव आपल्याच सेनेचे होते. परंतु बुद्धिबळात राजा, वजीर व प्यादी कोणत्या घरी उभी राहावयाची हे आधीच ठरलेले असते. प्रशियाच्या राजापुढे रायस्विट्झ नावाच्या गृहस्थाने 1812 साली युद्धाचा एक नवा खेळ मांडला, आणि 1824 मध्ये त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने त्याचे नियम सुधारून प्रसिद्ध केले. त्या खेळात खऱ्या प्रदेशाचा नकाशा असे व सैन्य कोठे उभे करावयाचे हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असे. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1954 साली अशा खेळास घरगुती रूप दिले, आणि 1961 च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे आली. या खेळांत पहिली चाल करण्यापूर्वीच अर्धा निकाल लागलेला असतो. मांडणी हीच पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, चाल होय.

गोंदियास पाऊस लागला म्हणजे चार चार दिवस बाहेर पाऊल टाकवत नाही. अशाच एका श्रावणात माझा पुतण्या सुट्टीत घरी आला होता. त्याने आणि मी मिळून मोठ्या कागदावर पानिपताचा परिसर आखला. उत्तरेस कुंजपुरा, दक्षिणेस दिल्ली, पूर्वेस वरून खाली वाहणारी यमुना आणि तिच्या पलीकडे दुआब. सैन्याच्या सोंगट्या पुठ्ठ्याच्या केल्या. दाणागोटा मोजण्यास खरे धानच घेतले, कारण या गावात त्याला तोटा नाही. एक पाळी म्हणजे एक आठवडा धरला. नोव्हेंबर 1760 च्या आरंभापासून 14 जानेवारी 1761 पर्यंत मोजून अकरा पाळ्या भरतात. नागपूरकर भोसल्यांची फौज त्या दिवशी रणांगणावर नव्हती, म्हणून आमच्या मुलखाची एकही सोंगटी पटावर आली नाही याचे पुतण्यास फार वाईट वाटले.

प्रथम आम्ही इतिहासात होती तशीच मांडणी केली. कुंजपुरा 17 ऑक्टोबरला मराठ्यांनी घेतला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली व मराठे यांच्या मध्ये येऊन बसला. भाऊंनी पानिपत गाव जवळ धरून छावणीभोवती खंदक खणला आणि त्याच्या तोंडांवर तोफा बसविल्या. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा त्यांना मोठा भरवसा होता. उदगीरच्या लढाईत, म्हणजे 1760 च्या फेब्रुवारीत, निजामाविरुद्ध त्या कवायतीचा गुण नुकताच दिसला होता. म्हणजे खंदक व तोफा यांची निवड ही घाबरलेल्या माणसाची लहर नव्हती. जे शस्त्र नुकतेच यशस्वी ठरले त्यावरच विसंबून राहण्याची ती सर्व सेनापतींची जुनी खोड होती.

आम्ही आळीपाळीने दोन्ही बाजू घेऊन पुष्कळ डाव खेळलो. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खंदक कधीही फुटला नाही. अब्दालीच्या बाजूने जो जो खंदकावर चालून गेला त्याचे तोफांपुढे हालच झाले. पुतण्या तर दुसऱ्या डावानंतर म्हणाला, "काका, ही मांडणी उत्तम आहे. हिला दोष कोण देतो?" मी त्यास धानाची वाटी दाखविली. सातव्या पाळीस ती अर्धी झाली होती आणि नवव्या पाळीस तळ दिसू लागला होता. पतियाळाच्या आलासिंगाकडून येणारे धान्य आणणारी सोंगटी वाटेतच कापली जाई. गोविंदपंत बुंदेल्यांनी दुआबात शिरून शत्रूची रसद तोडावी अशी योजना होती, पण डिसेंबरात तेच मारले गेले. अब्दालीच्या मागे मात्र नजीबखानाचा रोहिलखंड उभा होता. दोघांनीही एकमेकांची वाट अडविली होती हे खरे. परंतु एकाच्या पाठीशी कोठार होते आणि दुसऱ्याच्या पाठीशी परका मुलूख.

तेव्हा बचावाच्या मांडणीची परीक्षा घेताना तीन प्रश्न विचारावेत असे मी ठरविले. शत्रू ती फोडू शकेल काय? आपण तीतून आपल्या इच्छेने बाहेर पडू शकू काय? आणि वेळ कोणाच्या बाजूचा आहे? पहिल्या प्रश्नास पानिपतची छावणी पूर्ण उतरते. उरलेल्या दोहोंत ती नापास होते. आपण मात्र पहिल्याच प्रश्नाच्या गुणांवर संतुष्ट होतो, कारण भिंतीची जाडी डोळ्यांस दिसते आणि वाटीतले धान रोज मूठ मूठ कमी होते ते दिसत नाही.

मग आम्ही दुसऱ्या मांडण्या करून पाहिल्या. छावणी पूर्वेस यमुनेस लावून दिली तर एक बाजू नदीनेच राखली जाते, पाण्याची ददात राहत नाही आणि हलके घोडेस्वार उतार शोधून पलीकडे दाण्यासाठी पाठविता येतात. ही मांडणी आमच्या पटावर अधिक काळ टिकली. मात्र पलीकडचा तीर शत्रूच्या मित्रांचा असल्यामुळे तीही अजिंक्य ठरली नाही. सर्वांत चांगला निकाल मुळीच न थांबण्याचा लागला. अब्दाली नदी उतरत असताना, त्याचे निम्मे सैन्य अलीकडे व निम्मे पलीकडे असताना, त्याच्यावर तुटून पडणे किंवा तसेच दिल्लीकडे सरकणे. परंतु तसे करावयास सैन्य हलके हवे. येथे आमच्या पटावरची सर्वांत वादग्रस्त सोंगटी आड आली.

ती सोंगटी लढत नव्हती. बायका, मुले, यात्रेकरू, व्यापारी, चाकर या सर्वांची मिळून ती एक मोठी पिवळी चकती होती. ती सैनिकांइतकेच धान खाई आणि पाळीस एकच घर चाले. पुतण्याने पहिल्याच दिवशी तीवर "बुणगे" असे लिहिले होते. चौथ्या की पाचव्या डावास त्याने ती उचलून दिल्लीत ठेविली आणि म्हणाला, "आता पाहा, काका."

"ठेव," मी म्हणालो, "पण दिल्लीत नारो शंकर थोड्याच लोकांनिशी आहेत. तिच्या रक्षणास आणखी किती फौज मागे सोडशील?"

त्याने दोन सोंगट्या सोडल्या, मग तीन. पुढची फौज तितकी रोडावली. शेवटी त्रासून त्याने ती चकती पटाबाहेर पेटीतच टाकिली. "हिच्यावाचून खेळू. ही नसती तर आपण जिंकलोच असतो."

माझी आई पलीकडे वाती वळीत बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि गुडघे कामातून गेले आहेत. माझे थोरले बंधू पुण्यास बिऱ्हाड हलविण्याच्या विचारात होते, आणि आईस न्यावे, येथे माझ्यापाशी ठेवावे की काही महिने इकडे व काही तिकडे, याची चर्चा त्या आठवड्यात घरात हलक्या आवाजात चालली होती. आमचा वाद ऐकून तिने विचारिले, "काय रे टाकलेस ते पेटीत?"

पुतण्याने समजावून सांगितले. लढत नाहीत, खातात, आणि चालता येत नाही म्हणून सर्वांना थांबवून ठेवतात, अशी माणसे.

"मग ती मीच की," ती म्हणाली आणि पुन्हा वात वळू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे आम्हांस उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने पुतण्याने पेटी उघडून ती चकती काढिली, तीवरचा शब्द खोडला आणि तेथे नुसते "माणसे" असे लिहिले.

त्यानंतरचे डाव आम्ही तिच्यासह खेळलो, आणि तेव्हाच 14 जानेवारीच्या सकाळचा खरा अर्थ मला कळू लागला. दाणा संपल्यावर भाऊंनी गोलाची रचना करून बाहेर पडण्याचे ठरविले. तोफा व गारदी यांच्या आधाराने, मध्ये न लढणारी माणसे घेऊन, लढत लढत वाट काढावयाची. गोल सर्वांत मंद माणसाच्या चालीने चालतो. एका बाजूने कोणी उतावळेपणाने पुढे धावला की त्यास खिंड पडते. विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार गारद्यांच्या पुढे घुसल्याने तसेच झाले असे आपल्या इतिहासग्रंथांत वाचावयास मिळते. तरीही दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकले होते. अब्दालीजवळ मात्र अजून न वापरलेली राखीव फौज होती आणि भाऊंजवळ काहीच शिल्लक नव्हते. ती फौज पुढे आली, विश्वासराव गोळी लागून पडले, आणि दिवस फिरला. आमच्या पटावर ही योजना क्वचितच साधली. परंतु ती मूर्खाची योजना होती असे आता मला कोणी पटवू शकणार नाही. त्या सकाळी माणसांस पेटीत टाकून एकट्या स्वारांनिशी निसटणे भाऊंस सर्वांत सोपे होते. ते त्यांनी केले नाही. त्यांचा दोष जानेवारीतला नव्हे, नोव्हेंबरातला. वाटीत धान भरलेले होते आणि घोडी धष्टपुष्ट होती, तेव्हाच वाट मोकळी करून घ्यावयास हवी होती.

आमचा गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख तलावांचा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी लोकांचे या विद्येतले कसब प्रसिद्धच आहे. परका मनुष्य तलाव पाहताना पाळ किती उंच आहे ते पाहतो. गावचा जाणता मनुष्य प्रथम सांडवा कोठे आहे ते विचारतो. जास्तीच्या पाण्यास जावयास जागा ठेविली नाही तर पाळ जितकी उंच तितका फुटण्याचा घात मोठा. आणि सांडवा उन्हाळ्यातच बांधावा लागतो, पूर आल्यावर नव्हे.

मध्यमवर्गीय माणसाचे सारे आयुष्य एक प्रकारची बचावाची मांडणी असते. नोकरी, घर, विम्याचे हप्ते, मुलांचे शिक्षण असा खंदक आम्ही जन्मभर खणीत असतो. कोणते दुःख तो ओलांडून येऊ शकणार नाही याचा हिशेब आम्हांस तोंडपाठ असतो. आपल्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसास घेऊन बाहेर कसे पडावयाचे, याचा विचार मात्र आम्ही वाटीचा तळ दिसेपर्यंत लांबवितो. माझ्या बंधूंनी पुण्यास तळमजल्यावरची जागा पाहण्याचे ठरविले आहे. भाडे अधिक पडेल, आणि कचेरीही लांब पडेल. पुतण्याचे मत असे की, फौज थोडी रोडावली तरी चालेल.