बफरचं माप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांतून डिझाइनच्या जड फाइली परदेशी ग्राहकांकडे जातात. तक्रार ठरलेली : "लाइन शंभर एमबीची घेतलीय, मग फाइल रडतखडत का जाते?" मालक प्रोव्हायडरला फोन लावतात, मी आधी लिनक्स सर्व्हरवर पिंग मारतो. अमेरिकेतून उत्तर यायला साधारण पाव सेकंद लागतो. सगळं गणित त्या पाव सेकंदात आहे.

पाठवलेल्या बाइटची पोच येईपर्यंत टीसीपी तो सॉकेटच्या बफरमध्ये धरून ठेवतो. वाटेत हरवला तर पुन्हा तोच पाठवायचा असतो. बफर भरला की पाठवणं थांबतं, मग लाइन मोकळी का असेना. 100 मेगाबिटला पाव सेकंदाने गुणलं की 25 मेगाबिट, म्हणजे सुमारे 3 एमबी. इतका माल सतत वाटेवर हवा. बफर 64 केबीचा असेल तर वेग जेमतेम 2 मेगाबिट! सोलापूरकराला हे पटकन कळतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा घरातल्या वापराला मधल्या दिवसांनी गुणूनच आपण टाकी घेतो.

64 केबी ही टीसीपीच्या विंडोची, म्हणजे पोच न येता वाटेवर असू शकणाऱ्या मालाची, मूळ मर्यादा. 1992 साली विंडो स्केलिंगचं मानक आलं आणि ती सुटली. आज लिनक्स गरजेप्रमाणे बफर स्वतःच वाढवतं. म्हणून आकडे बदलण्याआधी मी फाइल जात असतानाच 'एसएस' कमांड चालवतो. 'एसएनडीबफ लिमिटेड' असं दिसलं, तर अडचण बफरचीच. पुष्कळदा दोषी निघते ती प्रोग्रॅमच्या सेटिंगमधली एक जुनी ओळ : बफर 64 केबी. प्रोग्रॅमने आकडा स्वतः ठरवला की लिनक्सचं कर्नल तो आपोआप वाढवायचं सोडून देतं. ती ओळ काढणं हाच खरा इलाज, आणि तो मला सर्वांत आवडतो.

तरीही कमी पडलं तरच कर्नलच्या 'टीसीपी डब्ल्यूमेम' या सेटिंगमधला तिसरा, कमाल मर्यादेचा आकडा वाढवायचा. तो बहुधा 4 एमबी असतो; त्यात डेटासोबत कर्नलच्या नोंदींची जागाही मोजली जाते, म्हणून अशा वाटेसाठी मी 8 ठेवतो. कुठूनतरी उचललेले 64 एमबीचे आकडे सरसकट चिकटवणं मला मान्य नाही. ही मर्यादा प्रत्येक कनेक्शनला वेगळी लागते, आणि शेकडो कनेक्शनं एकदम आली की मेमरी तिथेच संपू शकते. पॅकेटं वाटेत हरवत असतील तर नुसता बफर वाढवून काहीच साधत नाही.

तेव्हा सर्व्हरला हात लावण्याआधी जुने आकडे लिहून ठेवा, एका वेळी एकच बदला आणि कामाच्या ऐन गर्दीत पुन्हा मोजा.