वायर कुठे खोचली?

गेल्या मे महिन्यात आर्वीचा भाचा सुट्टीत वर्ध्याला माझ्याकडे आला. कॉम्प्युटरवर मोटारींचा गेम लावला, तर मोटार बैलगाडीसारखी चालू लागली! "तूच काहीतरी बिघडवलंस," मी डाफरलो. पोर जेवलंसुद्धा नाही.

आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. तापून मंदावला असेल म्हणून पंखा लावला. फरक शून्य!

माझ्या कॉम्प्युटरात दोन चित्रकार आहेत बरं का! एक प्रोसेसरमधलाच, साधा. दुसरा वेगळ्या ग्राफिक्स कार्डावरचा, दमदार. रात्री मागे वाकून पाहिलं, तर पडद्याची वायर वर मदरबोर्डाला! दमदार गडी बसून, साधाच राबत होता. झाडलोट करताना ती मीच तिथे खोचली होती. खाली कार्डाला लावली अन् मोटार सुसाट! (लॅपटॉपवर मात्र विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमपुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडून पाहा.)

भाच्याला उठवलं. "मामा, कोणी बिघडवलं होतं?"

"मी," म्हणालो, आणि ताट वाढलं.